घाटावरचं शीड

जुलैच्या दुपारी छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल तलावाच्या काठावर जो वारा तोंडावर येतो, तो जाटवाड्याच्या डोंगरांत जन्मलेला नसतो. त्याचं मूळ फार लांब आहे. दक्षिण हिंदी महासागरात, मॉरिशसच्याही खाली, त्या दिवसांत हवेचा दाब चढलेला असतो. तिथून हवा उत्तरेला निघते. केनियाच्या आसपास ती विषुववृत्त ओलांडते, पृथ्वी फिरत असल्यामुळे उजवीकडे वळते, सोमालियाच्या किनाऱ्याला घासून अरबी समुद्रावर येते आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत कोकण गाठते. सह्याद्री चढून आली की ती आपली. १९६६ साली पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन या हवामानशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की जुलैत आपल्या द्वीपकल्पावर, समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून एक अरुंद आणि वेगवान झोत वाहत असतो. त्याच्या गाभ्यात वेग ४० ते ६० नॉट, म्हणजे ताशी ७५ ते ११० किलोमीटर. हा गाभा बहुधा आपल्या दक्षिणेकडून जातो, पण त्याची कड आपल्यावर असते. शहर मुळातच साडेपाचशे मीटरच्या वर वसलेलं, त्यामुळे ती कड आपल्या डोक्यापासून जेमतेम किलोमीटरभर वर.

आभाळ भरून येतं, वारं सुटतं आणि पाऊस पुढे निघून जातो, ही मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची दरसालची तक्रार. ती अगदी रास्त आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, इथे सातशेच्या आसपास. ओल सह्याद्रीने काढून घेतली, वारा तेवढा आपल्या वाट्याला ठेवला. साताऱ्याकडच्या वनकुसवड्याच्या पठारावर त्याच वाऱ्यावर पवनचक्क्या फिरतात. पण एका जमातीला हा उरलेला वारा म्हणजे पर्वणी वाटते, आणि ती जमात म्हणजे पायाखाली फळी अन् हातात शीड घेऊन पाण्यावर उभी राहणारी माणसं. विंडसर्फिंगवाली.

या मंडळींच्या क्लबांची एक जगभरची रीत आहे. वाऱ्याचे दिवस आले की दहा-पंधरा जणांनी गाड्यांच्या टपावर फळ्या बांधायच्या, एखाद्या मोठ्या तलावाच्या काठी तंबू ठोकायचे आणि दोन-तीन दिवस वाऱ्याच्या वेळापत्रकाने राहायचं. हर्सूलच्या तलावात असं काही करता येणार नाही. ते शहराच्या पिण्याचं पाणी आहे, तिथे फळी उतरवायचा विचारही नको. मनातल्या मनात उतरवायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. तेव्हा असा एक काल्पनिक क्लब हर्सूलच्या काठी आणून बसवू आणि दिवसभर त्यांच्या पाण्याचं आणि वाऱ्याचं काय काय होतं ते पाहू. त्यात मला सगळ्यात नवल वाटतं ते हे, की यांतल्या बहुतेक गोष्टी समुद्रावरच्या नियमांपेक्षा थोड्या वेगळ्या चालतात, आणि काही बाबतींत घाटावरचा माणूस चक्क फायद्यात असतो.

मुख्य फायदा आधी सांगतो. आपल्याकडचा सगळ्यात भरवशाचा वारा जून ते सप्टेंबर वाहतो, आणि नेमका तेव्हाच समुद्र वापरता येत नाही. १ जूनपासून पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते, मचवे ओढून वर ठेवलेले असतात, कोळी नारळी पौर्णिमेची वाट पाहत असतात. गोव्यात किनाऱ्यावरचे पाण्याचे खेळ बंद ठेवावे लागतात. कारण अरबी समुद्रावर हजारो किलोमीटर वारा खाऊन आलेली लाट किनाऱ्यावर फुटत असते. तोच वारा सह्याद्री ओलांडून तलावावर येतो तेव्हा लाट मागे कोकणात राहिलेली असते. लाट किती उठेल हे तीन गोष्टींवर ठरतं: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहतो आणि त्याला किती लांब मोकळं पाणी मिळतं. ताशी ३५ किलोमीटरचा वारा किलोमीटरभर पाण्यावर वाहिला तर लाटेची उंची पंधरा-सोळा सेंटिमीटर होते, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. तोच वारा २५ किलोमीटर पाण्यावर तीन-चार तास वाहिला तर ती पाऊण मीटरच्या वर जाते. हर्सूल हे पहिल्या जातीचं पाणी आहे, आणि पैठणचा नाथसागर दुसऱ्या.

ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. हैदराबाद हे एके काळी, मराठवाडा ज्या संस्थानात होता त्याची, राजधानी होतं आणि आपल्यासारखंच पठारावर पाचशे मीटरच्या वर वसलेलं आहे. तिथल्या सोळाव्या शतकातल्या हुसेनसागर तलावावर शिडाच्या होड्यांच्या राष्ट्रीय शर्यती भरतात, त्या जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात. समुद्रकाठचे खेळाडू त्यासाठी समुद्र सोडून पठारावर येतात. पुण्याजवळ खडकवासल्याच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शीड हाकायला शिकतात. शिडाचा खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे नारळीची झाडं येतात, पण त्याचा बराचसा कारभार असा घाटावर चालतो.

तर क्लब येऊन पोचला आहे. सकाळचे सात वाजलेत आणि वारा नाही. नवखा माणूस इथे हिरमुसतो, जुना माणूस पोह्यांची चौकशी करतो. वारा कुठे गेलेला नाही, तो वर आहे. रात्री जमीन थंड होते आणि तिच्या लगतचा हवेचा थर गार, जड होऊन तळाशी बसतो. वरचा वेगवान वारा या थरावरून घसरून निघून जातो, त्याला खाली हात घालता येत नाही. उलट जमिनीच्या घर्षणातून सुटका झाल्यामुळे स्वच्छ आभाळाच्या रात्री काहीशे मीटर उंचीवरचा वारा आणखी जोर धरतो. म्हणजे तंबूचं कापड जरासुद्धा हलत नसतं तेव्हा वर जोरात वाहतूक चालू असते. ऊन तापलं की तळाची हवा वर उठू लागते, वरची खाली येते, आणि खाली येताना आपला वेग बरोबर घेऊन येते. दुपारी बारानंतर पठारावर वारा सुटतो तो असा. पावसाळी ढगांनी आभाळ झाकलेलं असेल तर हा दिवस-रात्रीचा फरक कमी होतो. एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत तो सर्वांत ठळक असतो.

दहाच्या सुमारास काठावरची बडबड थांबते आणि सगळे पाण्याकडे बघायला लागतात. वारा दिसत नाही असं आपण म्हणतो, तलावावर तो दिसतो. सेकंदाला एक-दोन मीटरची झुळूक पाण्यावर बारीक सुरकुत्या उठवते, त्या सुरकुत्या आभाळाचा उजेड वेगळ्या कोनात फेकतात, आणि काचेसारख्या पाण्यावर एक गडद चट्टा सरकताना दिसतो. जोराचा झोत आला की चट्टा आणखी काळपट. जाणकार माणूस तो आपल्यापर्यंत पोचायच्या आधीच गुडघे वाकवून तयार असतो. पाण्यावर जागोजागी पांढरा फेस दिसू लागला की वारा बोफर्ट मापनाच्या चौथ्या पायरीवर, ताशी २० ते २८ किलोमीटरवर आला असं समजायचं. फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने हे माप १८०५ मध्ये बसवलं, आणि त्याची मोठी गंमत म्हणजे ते डोळ्यांचं माप आहे, त्याला यंत्र लागत नाही. जमिनीवर या पायरीची खूण काय? धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागतात. हर्सूल टी पॉइंटवर उभ्या असलेल्या कुठल्याही माणसाला तेवढं कळतं.

डोंगरांनी वेढलेल्या तलावावर मात्र हे चट्टे मोठे लहरी असतात. टेकडीच्या आडोशाला, तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तरी, वारा विस्कटलेला राहतो: एक झोत, मग पोकळी, मग भलत्याच बाजूने दुसरा झोत. त्यामुळे क्लबातले जुने लोक तंबू सावली पाहून टाकत नाहीत. ते आधी तलावाची अशी बाजू हेरतात जिथे वाऱ्याला मोकळं अंगण मिळालं आहे. समुद्रावर हा त्रास कमी असतो. पठारावर शिकलेले लोक मात्र झोतांना सरावलेले असतात, आणि स्पर्धेत ते उपयोगी पडतं.

आता फळीकडे वळू. वस्तू इतकी साधी आहे की ती शोधायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध का उजाडावा लागला, असा प्रश्न पडतो. हजारो वर्षं माणसाने डोलकाठी होडीत घट्ट रोवली. ती हलू नये म्हणून दोर ताणले. इंग्लंडमधल्या हेलिंग बेटावर पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने १९५८ मध्ये फळीवर शीड उभारून पाहिलं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात, म्हणजे महासागराचा किनाराच नसलेल्या प्रांतात, न्यूमन डार्बीने गोड्या पाण्यावर पतंगाच्या आकाराचं शीड हातात धरून फळी चालवली, आणि ‘पॉप्युलर सायन्स’ मासिकाने ऑगस्ट १९६५ च्या अंकात ती बनवायची कृती छापली. मग कॅलिफोर्नियात जिम ड्रेक हा विमानविद्येतला इंजिनिअर आणि हॉयल श्वाइत्झर हा लाटांवर खेळणारा उद्योजक एकत्र आले. १९६७ मध्ये त्यांची फळी पाण्यावर चालली, १९६८ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. पुढे पेटंटावरून बरीच कोर्टबाजी झाली, आणि ब्रिटिश न्यायालयाने १९८५ मध्ये तिथलं पेटंट रद्द ठरवताना त्या बारा वर्षांच्या मुलाचा खेळ पुरावा म्हणून धरला. पोराने सुट्टीत केलेल्या उद्योगाला याहून मोठा मान कुठे मिळाला असेल असं वाटत नाही.

ड्रेकच्या रचनेतला प्राण म्हणजे डोलकाठीच्या बुडाशी असलेला सांधा. तो सगळ्या बाजूंना वाकतो. काठी स्वतःच्या बळावर उभी राहूच शकत नाही, सोडली की पाण्यात आडवी. तिला उभं धरतो माणूस. होडीतले सगळे ताणलेले दोर काढून टाकले आणि त्यांची जागा दोन हात, एक पाठ आणि दोन पाय यांनी घेतली. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट साधली. या नौकेला सुकाणू लागत नाही. काठी पुढे कलवली की शिडाचा जोर फळीच्या पुढच्या भागावर येतो आणि नाक वाऱ्यापासून दूर वळतं. मागे कलवली की नाक वाऱ्याकडे येतं. वळायचं असेल तर नुसतं झुकायचं.

पण जोर येतो कुठून? बहुतेकांच्या मनात चित्र असं असतं की वारा शिडाला मागून ढकलतो. तसं होतंही, वाऱ्याच्याच दिशेला जायचं असेल तेव्हा. ते सगळ्यात कंटाळवाणं आणि संथ जाणं, कारण तिथे वाऱ्यापेक्षा वेगाने जायची सोय नाही. खरी मजा वारा बाजूने असताना. शीड फुगून वक्र होतं, हवा त्या वक्रतेला धरून वाहते आणि जाताना मागच्या बाजूला वळवली जाते. हवेला वळवायचं तर तिच्यावर बळ लावावं लागतं, आणि तितकंच बळ हवा उलट्या बाजूने शिडावर लावते. शिडाच्या बाहेरच्या, फुगीर अंगाला दाब कमी होतो, आतल्या अंगाला जास्त राहतो. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो ते याच हिशेबाने, इथे पंख उभा धरलाय एवढंच. म्हणजे शीड ढकललं जाण्यापेक्षा ओढलं जातं.

आता ही ओढ थेट पुढच्या दिशेला नसते, बरीचशी तिरकी, बाजूला असते. नुसती फळी असती तर ती बाजूलाच सरकत गेली असती. म्हणून फळीच्या तळाला मागच्या बाजूस एक उभं पातं असतं, त्याला फिन म्हणतात. पाणी हवेच्या आठशेपट दाट, त्यामुळे एवढंसं पातंही बाजूला सरकायला जबर विरोध करतं. वरून हवेचा तिरका रेटा, खालून पाण्याचा आडवा विरोध, आणि दोघांच्या मधे फळी. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की तो बोटांच्या दिशेला न जाता भलतीकडेच सुटतो, तशी ती पुढे सुटते. यामुळेच वाऱ्याच्या उगमाकडे, समोरच्या वाऱ्याला साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन धरून, नागमोडी वळणं घेत जाता येतं. वाऱ्याच्याच जोरावर वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, ही मला माणसाच्या सर्वांत धूर्त युक्त्यांपैकी एक वाटते. आपल्या किनाऱ्यावरच्या मचव्या-गलबतांना ती चांगली ठाऊक होती.

पुढचं नवल याहून मोठं. फळी वेग घेते तसा तिच्या स्वतःच्या जाण्याने समोरून आणखी एक वारा तयार होतो. शिडाला कळतो तो या दोघांचा मिळून झालेला वारा, आणि तो खऱ्या वाऱ्यापेक्षा जोरदार असू शकतो. तो जोरदार म्हणून ओढ वाढते, ओढ वाढली की वेग वाढतो. अशा चढत्या हिशेबाने फळी मूळ वाऱ्यापेक्षा वेगाने धावू लागते. पाण्याचा विरोध कुठेतरी थांबवतो, नाहीतर हे असंच चालू राहिलं असतं. आणि त्या विरोधालाही पळवाट आहे. पुरेसा वेग आला की फळी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढते आणि पाणी कापायचं सोडून पाण्यावरून घसरू लागते. हा क्षण शरीराला कळतो. आवाज बदलतो, पायाखालची थरथर बदलते. नामिबियातल्या ल्युडेरिट्झ इथल्या खास खोदलेल्या कालव्यात फ्रान्सच्या आंत्वान अल्बोने नोव्हेंबर २०१५ मध्ये पाचशे मीटर अंतरावर ५३.२७ नॉटची सरासरी नोंदवली. म्हणजे ताशी जवळजवळ ९९ किलोमीटर, इंजिनाशिवाय, उभ्याने.

हर्सूलला एवढा वेग येणार नाही, आणि त्याची कारणं मजेदार आहेत. एक म्हणजे इथली हवा पातळ. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आल्याने तिची घनता गोव्याच्या तुलनेत सहाएक टक्क्यांनी कमी भरते, आणि शिडावरचं बळ घनतेच्या प्रमाणात असल्यामुळे तेवढाच जोरही कमी. पणजीत आणि हर्सूलला वेगमापकावर एकच आकडा दिसला तरी दोन्ही वारे सारखे नाहीत. त्यात पावसाळी दमट हवा आपल्याला अंगावर जड वाटते, पण असते कोरड्या हवेपेक्षा हलकी, कारण पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजन या दोघांच्याही रेणूपेक्षा हलका आहे. दुसरं कारण गोडं पाणी. समुद्राचं पाणी मिठामुळे अडीच टक्के दाट असतं, म्हणून शंभर लिटरची फळी समुद्रात जेवढं वजन तोलते त्यापेक्षा तलावात अडीच किलो कमी तोलते. सकाळी पोह्यांची दुसरी बशी घेतलेल्यांनी याचा विचार करावा.

शीड किती मोठं घ्यायचं यावरून काठावर दर वर्षी वाद होतात, आणि ते वाद योग्यच आहेत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बळ चौपट होतं. ढोबळ हिशेब असा: सहा चौरस मीटरच्या शिडावर ताशी २० किलोमीटरचा वारा बारा-तेरा किलो वजनाइतकी ओढ लावतो, हाताला पेलणारी. ताशी ४० झाला की तीच ओढ पन्नास किलो. म्हणून जुने लोक कमरेला पट्टा बांधून त्याची आकडी शिडाच्या आडव्या दांड्याच्या दोरीत अडकवतात आणि हातांऐवजी अंगाचं वजन टांगतात. वारा वाढला की शीड लहान घ्यायचं. क्लबाच्या गाडीत चार चौरस मीटरपासून नऊपर्यंत शिडं भरलेली असतात ती हौस म्हणून नव्हे.

अलीकडे फळीच्या तळाशी विमानासारखे छोटे पंख असलेला खांब बसवतात. त्याला फॉइल म्हणतात. पाण्याची घनता एवढी, की छोटे पंखही माणसाला फळीसकट पाण्याबाहेर उचलतात आणि मग फळी हवेत, पंख पाण्यात, असं जवळजवळ निःशब्द उडणं सुरू होतं. विंडसर्फिंग १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ऑलिंपिकमध्ये आलं, महिलांसाठी १९९२ मध्ये बार्सिलोनाला, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपासून ते फॉइलवरच खेळलं जातं. फॉइलला अगदी मंद वारा पुरतो, त्यामुळे पठारावरच्या आळशी दिवसांना ते वरदान ठरायला हवं. माझं मत मात्र उलट आहे. फॉइलचा खांब पाण्यात जवळजवळ मीटरभर खोल जातो, आणि आपली धरणं म्हणजे बुडालेली रानं आहेत. नाथसागराचंच पाहा. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्‌घाटन केलं, मधल्या काळात शंभराहून अधिक गावं पाण्याखाली गेली. साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरलेलं ते पाणी, पण क्षमतेला क्षेत्रफळाने भागलं तर भरल्या धरणाचीही सरासरी खोली आठ-साडेआठ मीटरच निघते. कडेला बाभळीची खोडं, जुन्या विहिरींचे कठडे, माशांची जाळी. तिथे ताशी ४० किलोमीटरने जाताना खालचा पंख अडकला तर वरच्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको. शिवाय नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात, आणि त्यांचा हक्क आपल्या आधीचा. पठारावरच्या तलावाला जुनी, आखूड फिनवाली फळीच बरी.

शिबिर गटाने का करायचं याचं उत्तरही वाऱ्यातच आहे. शिकाऊ माणूस वाऱ्याच्या विरुद्ध परत येऊ शकत नाही, तो वाऱ्याबरोबर वाहत पलीकडच्या काठाला लागतो. समुद्रावर वारा जमिनीकडून वाहत असेल तर पलीकडे काठच नसतो, म्हणून मतलई वाऱ्यात नवख्याला पाण्यात सोडत नाहीत. तलावावर पलीकडचा काठ नक्की असतो. फक्त तिथून त्याला फळीसकट चालवत आणायला कुणीतरी लागतं. म्हणून प्रत्येक शिबिरात एकजण काठावर बसून शिडं मोजत राहतो, आणि जेवणही पाळीपाळीने होतं.

शिबिर मे महिन्याच्या अखेरीला भरलं असेल, तर वळीव हेरणं हे त्या काठावरच्याचं दुसरं काम. ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच वाफ होतो, अशी वाफ होताना हवा गार आणि म्हणून जड होते, धाडकन खाली आदळते आणि चहूकडे पसरते. अंगावर अचानक गार वारा आला आणि मातीचा वास आला की कवींना काय वाटायचं ते वाटो, विंडसर्फरने काठ गाठावा. मंद वारा काही मिनिटांत वादळी होतो. त्यात हातातली डोलकाठी कार्बनच्या धाग्यांची असते आणि ती वीज वाहून नेते, शिवाय सपाट पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तीच. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर सगळे बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी परत पाण्यात जायचं नाही. यात सवलत नसते, नऊ चौरस मीटरचं शीड नुकतंच बांधून झालेलं असलं तरी.

आपल्याकडे हे सगळं कुठे चाललंय असं विचाराल, तर बरंच चाललंय. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत गोव्याची डेन आणि कात्या कोएल्यो ही भावंडं भारताकडून विंडसर्फिंगमध्ये उतरली होती. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ईबाद अलीने विंडसर्फिंगच्या आरएस:एक्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्याच स्पर्धेत शिडाच्या छोट्या होडीत रौप्य जिंकणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली. ती शीड शिकली भोपाळच्या बड्या तलावावर. राजा भोजाच्या नावाने ओळखलं जाणारं हे पाणी, जवळचा समुद्र कितीतरी शे किलोमीटर लांब.

शिकायची इच्छा झालीच तर माझ्या मते क्रम असा असावा. फेब्रुवारी ते मे या काळात गोव्याला जायचं. तेव्हा जमीन तापली की दुपारी समुद्रावरून खारे वारे रोज नियमाने येतात, आणि ते येतात जमिनीकडे, त्यामुळे वाहून गेलात तरी किनाऱ्यालाच लागता. दोना पावलाला केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तिथे किंवा एखाद्या चांगल्या क्लबात पाण्यातून शीड ओढून उभं करणं, पडणं आणि परत चढणं एवढं अंगात मुरवायचं. या टप्प्यावर पडणं हाच मुख्य अभ्यासक्रम असतो आणि त्यात सगळेच पहिल्या वर्गात पास होतात. मग पावसाळ्यात, समुद्र बंद झाला की, पठारावरचा परवानगी असलेला एखादा तलाव गाठायचा. लाइफ जॅकेट अंगावर, चष्म्याला दोरी, पायात बूट, कारण काठावर बाभळीचे काटे असतात. आणि पहिल्या दिवशी चार चौरस मीटरपेक्षा मोठं शीड कुणी हातात देऊ लागलं, तर कितीही आग्रह झाला तरी नको म्हणायचं.